जिम्नॅस्टिक्सच्या मॅटवरून फिटनेसच्या मंचाकडे

जालना : बहुतेक खेळांत विशी हा कारकिर्दीचा प्रारंभ समजला जातो. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र त्याच वयात अनेक खेळाडू निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे असतात. सहाव्या-सातव्या वर्षी कोलांटउडीने सुरू झालेला हा प्रवास बारावीच्या परीक्षेपर्यंत येतो आणि तेथेच बहुतेकांसमोर प्रश्न उभा राहतो, की आता पुढे काय? राज्य संघात स्थान मिळत नाही, उंची वाढल्याने जुन्या कसरती जड जातात आणि दहा-बारा वर्षे घडविलेले शरीर अकस्मात निरुद्योगी होते. अशा खेळाडूंपैकी काहींना अलीकडे व्यावसायिक फिटनेस स्पर्धांची वाट खुणावू लागली आहे. ही वाट नेमकी कोठे जाते, तिच्यावर काय हाती लागते आणि कोठे पाय घसरतो, हे खेळाडू व पालक या दोघांनीही आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

जालना जिल्ह्याला शरीरसाधनेचे वावडे कधीच नव्हते. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण व्यापारावरून पडली असली, तरी गावोगावच्या तालमींनी येथे कुस्तीची परंपरा जपली आहे. २०१८ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालना शहरातच झाली व बाला रफीक शेखने तो किताब पटकावला. तथापि जिम्नॅस्टिक्सला केवळ तांबडी माती पुरत नाही. व्हॉल्ट, बार्स, पाच मीटर लांब व अवघी दहा सेंटिमीटर रुंद बीम आणि बारा मीटर लांबी-रुंदीचे स्प्रिंगचे फ्लोअर अशी खर्चिक साधने त्यास लागतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र असलेले छत्रपती संभाजीनगर जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. मंठा, परतूर वा घनसावंगीच्या मुलांसाठी हे अंतर आणखी वाढते. त्यामुळे गुणवत्ता असूनही सराव अर्धवट सुटणे हा ग्रामीण खेळाडूंचा नित्याचा अनुभव आहे. याउलट वजनांची व्यायामशाळा आज तालुक्याच्या गावीही सापडते. फिटनेसकडे वळण्यामागे हे साधे व्यावहारिक कारणही आहे.

'फिटनेस स्पर्धा' म्हणजे काय?

या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. पहिली मंचावरची स्पर्धा. तेथे परीक्षक शरीराची ठेवण, स्नायूंची रेखीवता आणि सादरीकरण पाहतात. दुसरी कामगिरीची स्पर्धा. तेथे घड्याळ, वजन आणि आवर्तने मोजली जातात, शरीर कसे दिसते याला गुण नसतात. जिम्नॅस्टला या दोन्हींत प्रवेश आहे. मात्र दोहोंची तयारी, खर्च आणि धोके भिन्न आहेत.

मंचावरच्या स्पर्धांचा इतिहास फार जुना नाही. बेन व ज्यो वीडर या बंधूंनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाने (आयएफबीबी) नव्वदच्या दशकात महिलांसाठी 'फिटनेस' हा प्रकार स्वीकारला. पहिली 'फिटनेस ऑलिम्पिया' १९९५ मध्ये झाली आणि तिचे विजेतेपद मिया फिनेगन हिने मिळविले. या प्रकाराचे वैशिष्ट्य असे, की त्यात केवळ उभे राहून शरीर दाखविण्याची फेरी नसते. संगीतावर दीड ते दोन मिनिटांची कसरतीची फेरीही असते. जोर मारणे, उंच पाय फेकणे, हातांवर तोल सावरून पाय फाकवून शरीर अधांतरी धरणे आणि पाय पूर्ण फाकवून जमिनीस टेकणे या चार गोष्टी त्यात दाखवाव्या लागतात. हे चारही प्रकार जिम्नॅस्टच्या रोजच्या सरावातले आहेत.

याच कारणाने या प्रकारात जिम्नॅस्टिक्सची पार्श्वभूमी असलेल्या स्पर्धकांचा वरचष्मा राहिला. रशियातील कॅलिनिनग्राडच्या ओक्साना ग्रिशिना हिने लहानपणापासूनच्या जिम्नॅस्टिक्सच्या जोरावर २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षे फिटनेस ऑलिम्पिया जिंकली. त्यापूर्वी प्युर्टो रिकोच्या अडेला गार्सिया हिने २००४ ते २०१३ या काळात तब्बल आठ वेळा हा किताब मिळविला होता.

पुढे मात्र प्रवाह बदलला. कसरतीची फेरी नसलेला 'फिगर' हा प्रकार २००३ मध्ये ऑलिम्पियात आला, २०१० मध्ये 'बिकिनी' व २०२१ मध्ये 'वेलनेस' यांची भर पडली. कसरत न येणाऱ्या स्पर्धकांनाही या प्रकारांनी दार उघडले. साहजिकच संख्या तिकडे वळली. भारतातील बहुतांश स्पर्धांतही आज फिजिक व मॉडेल प्रकारांचेच प्राबल्य असून कसरतीच्या फेरीस वाव कमी आहे. जिम्नॅस्टच्या दृष्टीने ही बाब कळीची आहे. ज्या कौशल्यासाठी दहा वर्षे खर्ची पडली, त्यास येथील बऱ्याच मंचांवर गुणच मिळत नाहीत. म्हणून कोणत्या प्रकारात उतरायचे, हे ठरविण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली वाचणे आवश्यक ठरते.

कामगिरीच्या स्पर्धांचे गणित

दुसऱ्या वाटेवर जिम्नॅस्टचे भांडवल अधिक उपयोगी पडते. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रँचवर सुरू झालेल्या क्रॉसफिट गेम्समध्ये वेटलिफ्टिंग, धावणे व जिम्नॅस्टिक्स यांचे मिश्रण असते. रिंगवर शरीर वर खेचून हात सरळ करणे, हातांवर चालणे, दोर चढणे हे त्यातील ठरलेले प्रकार होत. आइसलँडची ॲनी थोरिसडॉटिर (२०११ व २०१२) आणि तिचीच देशभगिनी कॅटरिन डेव्हिड्सडॉटिर (२०१५ व २०१६) या दोन विजेत्या बालपणी जिम्नॅस्ट होत्या.

कॅटरिनची कथा या संदर्भात विशेष बोलकी आहे. २०१४ मध्ये पायांचा आधार न घेता दोर चढण्याच्या फेरीत ती अडखळली आणि मुख्य स्पर्धेची पात्रताच हुकली. जिम्नॅस्टिक्स केलेल्या खेळाडूलाही केवळ हातांच्या बळावर दोर चढणे जमू नये, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. परंतु थकल्यानंतरची ताकद ही ताज्या शरीराच्या ताकदीहून निराळी असते. जिम्नॅस्टचा एक संच जेमतेम दीड मिनिटाचा असतो. येथे दहा, वीस मिनिटे अखंड झगडावे लागते. ही उणीव तिने वर्षभरात भरून काढली आणि पुढच्याच वर्षी ती विजेती ठरली. अमेरिकेतील टाउसन विद्यापीठाची जिम्नॅस्ट केसी कॅटनझारो हिनेही २०१४ मध्ये 'अमेरिकन निंजा वॉरियर' या अडथळ्यांच्या स्पर्धेत शहर अंतिम फेरीचा मार्ग पूर्ण करणारी पहिली महिला होण्याचा मान मिळविला. तिची उंची होती अवघी पाच फूट. जिम्नॅस्टिक्समध्ये उपकारक ठरणारी ठेंगणी चण अन्यत्र आड येतेच, असे नाही.

भारतातही हे वारे पोहोचले आहे. जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये उगम पावलेली 'हायरॉक्स' ही स्पर्धा मे २०२५ मध्ये प्रथमच मुंबईत झाली. एक किलोमीटर धावणे व त्यानंतर एक व्यायामप्रकार, अशी आठ आवर्तने तीत असतात. येथे जिम्नॅस्टचा खरा कस लागतो तो धावण्यात, कारण सलग आठ किलोमीटर धावण्याची सवय जिम्नॅस्टिक्स कधीच लावत नाही.

शरीरात काय शिल्लक, काय उणे

जिम्नॅस्टची ताकद ही शरीराच्या वजनाच्या प्रमाणात मोजली जाणारी ताकद होय. स्वतःचे वजन हवेत फेकणे, झेलणे व तोलणे यासाठी खांदे, पाठ व पोट बळकट होतात. सांधे लवचिक राहतात. शरीराचे भान तीव्र होते. उड्या मारून जमिनीवर येताना हाडांवर पडणाऱ्या भारामुळे हाडांची घनताही चांगली राहते. ही सारी जमेची बाजू.

उणी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. जिम्नॅस्टिक्समध्ये अनावश्यक वजन म्हणजे अडथळा. मंचावरच्या स्पर्धेत मात्र ठरावीक ठिकाणी स्नायू वाढविणे हेच उद्दिष्ट. अनेक जिम्नॅस्टचे खांदे भरलेले व मांड्या-पोटऱ्यांचा आकार त्या मानाने कमी असतो. परीक्षक प्रमाणबद्धता पाहतात. म्हणून पायांवर स्वतंत्र मेहनत घ्यावी लागते. साधारणतः सहा ते बारा आवर्तनांचे संच आणि दर काही आठवड्यांनी वाढत जाणारे वजन ही त्याची रूढ पद्धत आहे.

दुसरे म्हणजे जुनी दुखणी. मनगट, घोटा व कंबर हे जिम्नॅस्टचे नाजूक अवयव. वारंवार पाठ मागे वाकविल्याने कमरेच्या मणक्यात सूक्ष्म भंग होण्याचे प्रमाण या खेळाडूंत अधिक आढळते. असे दुखणे अंगावर असताना खांद्यावर जड बार घेऊन बैठका मारणे म्हणजे संकटाला निमंत्रण. वजनांचा सराव सुरू करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हा खर्च नव्हे, विमा समजावा.

ताटातले पोषण

फिटनेसकडे वळलेल्या तरुणाच्या घरात सर्वप्रथम प्रवेश करतो तो भुकटीचा डबा. त्याची गरज असतेच असे नाही. स्नायू वाढविण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाकाठी सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आहारशास्त्रातील अभ्यासांचे सार आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलीला ती ८० ग्रॅम लागतील. अर्धा लिटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम डाळीतून २२, दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून १५, पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून १० व मूठभर शेंगदाण्यांतून ८ ग्रॅम अशी बेरीज केली, तर ती ८३ ग्रॅमपर्यंत सहज पोहोचते. यातील एकही जिन्नस जालन्याच्या बाजारात दुर्मिळ नाही.

खरा धोका कमी खाण्याचा आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये वजनाचा धसका घेतलेली मुलगी मंचासाठी चरबी घटवू लागली, की उपासमारीची सीमा केव्हा ओलांडली जाते हे तिलाही उमगत नाही. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता शरीराच्या चरबीविरहित वजनामागे दर किलो ३० किलोकॅलरीहून कमी ऊर्जा दीर्घकाळ उरत असेल, तर संप्रेरकांचे चक्र बिघडू लागते. मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, वारंवार आजारपण येते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या विकाराला 'खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता' असे नाव दिले व तो मुलांनाही होतो हे स्पष्ट केले. २०२३ मध्ये या विषयावरील निवेदन नव्याने प्रसिद्ध झाले. सलग तीन महिने पाळी न येणे हे 'कठोर मेहनतीचे लक्षण' नसून डॉक्टरांकडे जाण्याची सूचना आहे, हे प्रशिक्षकांनी व आयांनी मुलींना संकोच न बाळगता सांगणे गरजेचे आहे.

दीपाच्या प्रकरणाचा धडा

उत्तेजकांचा विषय निघाला, की 'आपण ते घेणारच नाही' असे प्रत्येक खेळाडू म्हणतो. परंतु दोष मुद्दाम घेण्यातच असतो असे नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात चौथे स्थान मिळविणारी त्रिपुराची दीपा कर्माकर हिच्या नमुन्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये 'हायजेनामाइन' हा बंदी असलेला घटक आढळला. हा घटक काही वनस्पतींत असतो आणि त्यांच्या अर्कापासून बनविलेल्या पूरक उत्पादनांतही आढळतो. तिला २१ महिन्यांची बंदी भोगावी लागली; ती जुलै २०२३ मध्ये संपली. २०२४ मध्ये ताश्कंद येथे आशियाई सुवर्णपदक जिंकून तिने दमदार पुनरागमन केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निवृत्ती जाहीर केली. ऑलिम्पिकपटूवर ही वेळ येते, तर गावातील दुकानातून पावतीविना भुकटी घेणाऱ्या नवख्या खेळाडूची स्थिती किती नाजूक असेल, याची कल्पना करता येईल. शरीरात काय सापडले याची जबाबदारी नियमानुसार खेळाडूचीच असते.

मंचावरच्या स्पर्धांत या मोहाचे स्वरूप अधिक तीव्र आहे. स्नायूवर्धक स्टेरॉइडमुळे मुलींचा आवाज घोगरा होतो आणि तो पूर्ववत होत नाही. वाढत्या वयातील मुलांत हाडांची वाढ अकाली थांबू शकते. यकृत व हृदयावरील परिणाम वेगळेच. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्वचा ताणलेली दिसावी म्हणून पाणी तोडणे व लघवी होण्याच्या गोळ्या घेणे ही प्रथा तर जीवघेणी आहे. नामांकित शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा याचा १९९२ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच झालेला मृत्यू हा त्याचा दाखला होय. स्पर्धेत उत्तेजक चाचणी होते काय, हा प्रश्न पालकांनी आयोजकांना थेट विचारावा.

'प्रो कार्ड' म्हणजे पगार नव्हे

'व्यावसायिक' या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते. हौशी गटात जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर यश मिळवीत खेळाडू पात्रता स्पर्धा जिंकतो, तेव्हा त्यास 'प्रो कार्ड' मिळते. हे कार्ड म्हणजे व्यावसायिक गटात उतरण्याचा परवाना असतो. त्यातून नोकरी वा मानधन आपोआप मिळत नाही. बक्षिसाची रक्कम पहिल्या काही क्रमांकांपुरती असते. प्रवेश शुल्क, पोशाख, प्रवास, आहार व प्रशिक्षकाचा खर्च मात्र प्रत्येकाला करावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नोकरी सांभाळून 'फिगर' प्रकारात प्रो कार्ड मिळविणाऱ्या दीपिका चौधरी यांचे उदाहरण म्हणूनच मार्गदर्शक आहे. त्यांचा चरितार्थ मंचावर अवलंबून नव्हता.

संघटनांचा गुंता हा आणखी एक पेच. आयएफबीबी आणि आयएफबीबी प्रो लीग या २०१७ पासून स्वतंत्र संस्था आहेत. भारतीय शरीरसौष्ठव महासंघ जागतिक पातळीवर आणखी तिसऱ्याच महासंघाशी जोडलेला आहे. याखेरीज खासगी आयोजकांच्या स्पर्धा आहेत. नावे सारखी, पदके सारखी. पण एका संघटनेचे प्रमाणपत्र दुसरीकडे चालेलच असे नाही. शरीरसौष्ठव ऑलिम्पिकमध्ये नाही; तथापि शासनदरबारी तो अगदीच उपेक्षितही नाही. २०१९ मध्ये एस. भास्करन यांना या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण व दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. मात्र ते मान्यताप्राप्त खेळ व मान्यताप्राप्त संघटना यांनाच लागू होतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्या स्पर्धेच्या मान्यतेची खातरजमा करावी. जिम्नॅस्टिक्समधील जुनी प्रमाणपत्रे जपून ठेवावीत व त्यांची पडताळणी वेळेत करून घ्यावी. अनेकदा नव्या पदकांपेक्षा तीच अधिक उपयोगी पडतात.

मधला मार्ग

जिम्नॅस्टिक्स सोडणे आणि मंचावर जाणे, असे दोनच पर्याय आहेत असे नव्हे. एरोबिक जिम्नॅस्टिक्स हा प्रकार या दोहोंच्या मध्ये बसतो. संगीताच्या तालावर सुमारे दीड मिनिटाचा संच, त्यात ताकदीचे जोर, हातांवरील तोल, उड्या व लवचिकता असे त्याचे स्वरूप आहे. बार्स वा बीम लागत नसल्याने साध्या सभागृहातही त्याचा सराव करता येतो. १९९५ पासून त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत आहेत आणि मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या खेळाडूंनी त्यात नाव कमावले आहे. फिटनेस प्रकारातील कसरतीच्या फेरीसाठी याहून चांगली पूर्वतयारी नाही.

मल्लखांब हा दुसरा पर्याय. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. एक खांब, एक दोर आणि जाणता गुरू एवढ्यावर उभा राहणारा हा खेळ जालन्यासारख्या जिल्ह्यास परवडणारा आहे.

तिसरा पर्याय प्रशिक्षणाचा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका वा शारीरिक शिक्षणातील पदवी घेतलेल्या माजी जिम्नॅस्टला शाळा, अकादमी व व्यायामशाळा येथे संधी असते. फिटनेस क्षेत्रातील नियमित उत्पन्न प्रामुख्याने शिकविण्यातून येते, स्पर्धेतून नव्हे.

निर्णयापूर्वी

ज्यांना मंचच हवा आहे, त्यांनीही घाई करू नये. वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मंचासाठी चरबी घटविण्याच्या मागे लागू नये. पहिले वर्ष केवळ पायांची ताकद, दम आणि वजने उचलण्याचे योग्य तंत्र यांना द्यावे. एखादी स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहावी. वर्षाचा खर्च कागदावर मांडावा आणि तो भरून निघाला नाही तरी शिक्षण थांबणार नाही, याची खात्री करावी. प्रशिक्षक निवडताना त्याच्या दंडाचा घेर न पाहता त्याने यापूर्वी तयार केलेले खेळाडू आज कोणत्या प्रकृतीत आहेत, याची चौकशी करावी. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले, तरच पुढचे पाऊल टाकावे. न मिळाल्यास दुसरा प्रशिक्षक शोधावा.